ख्रिस्ती माणसाविषयी ठाम मत कसे बाळगावे

मुंबईत राहणाऱ्या सुशिक्षित माणसाला ख्रिस्ती लोकांविषयी काहीच मत नसणे अलीकडे शोभत नाही. मेट्रोची आखणी, क्रिकेटचा संघ, शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास, या सर्वांविषयी आपली मते तयार असतात. मग ज्या समाजाच्या शाळेत आपण शिकलो आणि ज्याच्या रुग्णालयात आपली मुले जन्मली, त्याच्याविषयीच गप्प बसणे बरे दिसत नाही. अशा अडलेल्या वाचकांसाठी काही सूचना येथे देत आहे. त्यांतली मुख्य सूचना आधीच सांगून टाकतो: मत प्रथम बनवावे आणि माहिती नंतर, सवड मिळाल्यास, गोळा करावी. सवड न मिळाल्यास मत अधिक टिकते.

ख्रिस्ती माणूस कसा असतो हे ठरवण्यासाठी त्याला भेटण्याची गरज नाही. ते काम हिंदी सिनेमाने पूर्वीच उरकून ठेवले आहे. तो वांद्र्याला राहतो, सकाळपासून पितो, गिटार वाजवतो, हिंदी बोलताना 'आता' आणि 'आती' यांत गल्लत करतो आणि मध्यंतरानंतर नायकासाठी मरून मोकळा होतो. त्याची बहीण फ्रॉक घालते. हे चित्र मनात एकदा नीट बसले की गोराई, मनोरी, उत्तन या भागांत विनाकारण फिरू नये. तेथे ईस्ट इंडियन समाजाची एखादी आजी लुगडे नेसून, चांगल्या खणखणीत मराठीत मासळीच्या भावावरून भांडताना भेटण्याचा संभव असतो, आणि मग फ्रॉकवाल्या बहिणीचे काय करावे हे सुचत नाही.

या मंडळींच्या इतिहासात शिरण्याचा मोहही आवरावा. वसई 1534 मध्ये पोर्तुगिजांकडे गेली आणि त्यानंतर वसई-साष्टीतली कितीतरी गावे ख्रिस्ती झाली; म्हणजे आपले पणजोबा गिरणीत चिकटण्यासाठी वळकटी घेऊन मुंबईत उतरले तेव्हा या लोकांच्या गावठाणांना आणि नाक्यावरच्या क्रुसांना पिढ्यान्पिढ्या लोटल्या होत्या. पुढे 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव आला, तेव्हा त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. हेतू हा की गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणारे ख्रिस्ती वेगळे आणि आपण येथले मूळचे, हे सरकारला कळावे. बाहेरचे येऊन आमच्या नोकऱ्या घेतात ही तक्रार आपल्या शहरात इतकी जुनी आहे आणि ती करणाऱ्यांत ख्रिस्ती लोकही होते, हे कळल्यावर आपल्या कित्येक भाषणांची पंचाईत होईल.

तरीही असा माणूस कार्यालयात शेजारच्या टेबलावर येऊन बसलाच, तर पहिल्या भेटीत ''अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!'' असे कौतुकाने म्हणावे. नंतर तो मूळचा कुठला, असे विचारावे. तो म्हणेल, ''मरोळचा.'' आपण म्हणावे, ''हो, पण त्याआधी?'' तो म्हणेल, ''त्याआधीही मरोळच.'' आपण चिकाटी न सोडता ''म्हणजे अगदी मूळचे हो?'' असे विचारावे आणि तो कंटाळून ''बरं, गोवा'' म्हणेपर्यंत थांबू नये. नंतर त्याला सोरपोतेल कधी खाऊ घालणार असे विचारले की राष्ट्रीय एकात्मतेचे कामही त्याच फेरीत होऊन जाते. गुड फ्रायडेला त्याला सकाळीच, गुलाबाच्या चित्रासह, 'हॅपी गुड फ्रायडे' असा संदेश पाठवावा. त्यांच्या श्रद्धेनुसार त्या दिवशी त्यांच्या देवाला खिळे ठोकून मारले होते, हे तो आपल्याला सांगणार नाही. तो 'थँक यू' म्हणेल. एवढ्या वर्षांत त्यालाही सवय झालेली असते.

मराठी वाङ्मयाची आवड असणाऱ्यांना थोडी अधिक दक्षता घ्यावी लागते, कारण हे कपाट धोक्याचे आहे. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेज्वित धर्मगुरूंनी ओवीछंदात लिहिलेले 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये छापले गेले आणि त्यात त्यांनी मराठीची स्तुती अशी गायली आहे की आपण ती दर मराठी भाषा दिनी म्हणतो, मात्र कवीचे नाव घाईत राहून जाते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' 1857 ची, आणि लेखक बाबा पदमनजी, तेही ख्रिस्ती. पंडिता रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणले. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये येथेच, मुंबईत, बाप्तिस्मा घेतला. यावर उपाय एकच. टिळकांच्या नावामागचे 'रेव्हरंड' हे त्यांचे पाळण्यातले नाव आहे असे समजून पुढे चालावे, 'स्मृतिचित्रे' वाचताना लक्ष्मीबाईंच्या विनोदावर मनमुराद हसावे, आणि त्याच पुस्तकात त्या स्वतः ख्रिस्ती कशा झाल्या ते प्रकरण आले की चहा टाकायला उठावे.

हा उपाय न केल्यास काय होते हे 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या वेळी दिसले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष म्हणून निवडले गेले आणि त्यांच्या धर्मावरून आक्षेप निघाले. ज्यांनी 'सुबोध बायबल' लिहिले, तुकारामाची वचने ज्यांच्या जिभेवर होती, वसईची हिरवी जमीन वाचवण्यासाठी जे रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर हे सारे वाचून आक्षेप घेणे किती जिकिरीचे झाले असते, याची कल्पना करावी. न वाचता ते कसे सोपे जाते!

आता धर्मांतराकडे वळू. पोर्तुगिजांनी सक्ती केली, देवळे पाडली, गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणारे धर्मन्यायालय, चालवले. हे सर्व खरे आहे, आणि खरे असूनही सोयीचे आहे, असा योग क्वचित येतो. त्याचा हिशेब पोर्तुगालकडे मागणे खर्चाचे असल्यामुळे तो मरोळच्या त्या सहकाऱ्याकडेच मागावा. विहिरीत पाव टाकून अख्खे गाव बाटवल्याची कथा अवश्य सांगावी. मात्र तेच पाणी प्यायलेल्या आपल्या पूर्वजांनी शेजाऱ्याला पुन्हा पंगतीत का घेतले नाही, असा प्रश्न घरातल्या एखाद्या कॉलेजकन्येने विचारल्यास तिला अभ्यासाला बसवावे. देश झपाट्याने ख्रिस्ती होत आहे हे सांगताना जनगणनेचे नाव काढू नये. 1971 मध्ये भारतात ख्रिस्ती लोक 2.60 टक्के होते आणि 2011 मध्ये 2.30 टक्के. इतक्या वर्षांच्या कारस्थानानंतर टक्का घसरतो, हे कारस्थानाला कमीपणा आणणारे आहे.

तसेच 'सवलतींसाठी बाटले' हे वाक्य दलित ख्रिस्ती लोकांविषयी बोलताना जपून वापरावे, म्हणजे ज्याला 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश ठाऊक नाही अशाच माणसासमोर. त्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता राखला. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना त्यात घेतले. ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्त स्वीकारला, त्यांनी पदरची सवलत सोडून बाप्तिस्मा घेतला, असा हिशेब निघतो. लोभाचा हा प्रकार अर्थशास्त्रात बसवणे कठीण आहे.

शाळेच्या प्रवेशाचे दिवस आले की मत काही आठवडे झाकून ठेवावे. मुलाखतीच्या दिवशी मनगटावरचा गंडा बाहीखाली सारून, प्रवेशद्वाराशी असलेल्या मेरीच्या पुतळ्याला ओझरता नमस्कार करून, सिस्टरसमोर खुर्चीच्या कडेवर बसावे, आणि आमचीच शाळा का, असे त्यांनी विचारल्यावर क्षणभरही न थांबता ''डिसिप्लिन, सिस्टर'' असे म्हणावे. प्रवेश मिळाला की मत पुन्हा बाहेर काढावे. जूनच्या अखेरीस मुलगा घरी येऊन 'अवर फादर' गुणगुणू लागला तर पालकसभेत नापसंती नोंदवावी. दाखला मात्र काढू नये.

देवावरच्या श्रद्धेचा मुद्दा याहून नाजूक आहे, आणि येथे विवेकवादी वाचकांनाही मार्गदर्शनाची गरज असते. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध प्याले. आपण त्या दिवशी कोठे होतो हे आठवत असेल तर सांगू नये. वाटी-चमचा घेऊन रांगेत उभे राहिलेल्या पुष्कळ पदवीधरांना आता ते आठवत नाही. सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून दाखवले की पृष्ठताण आणि केशाकर्षण यांमुळे दूध चमच्यातून ओढले जाऊन मूर्तीवरून खाली ओघळते. 2012 मध्ये विलेपार्ल्याला इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. भाविक ते बाटल्यांत भरू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामरुकू यांनी येऊन पाहिले आणि सांगितले की मागच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीत चढत आहे. दोन्हीकडे देव निराळे, कारण तेच. योग्य मत असे: दूध ही श्रद्धा आणि ठिबकणे ही अंधश्रद्धा. मधल्या काळात, 2006 च्या ऑगस्टमध्ये, माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले म्हणून लोकांनी ते बाटल्या भरभरून प्याले, पण ते प्रकरण मिठी नदीच्या गटारपाण्यासह माहीमच्या दर्ग्यातल्या बाबा मखदूम यांच्या खात्यावर टाकून मोकळे व्हावे.

एडामरुकूंना पुढे काय मिळाले, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या, म्हणजे कलम 295 अ च्या, तक्रारी काही कॅथलिक मंडळींनी केल्या आणि ते फिनलंडला निघून गेले. यावरून ख्रिस्ती लोक आपल्यापेक्षा वेगळे असतात हे सिद्ध होते की अगदी आपल्यासारखेच असतात हे, याचा निर्णय मी वाचकांवर सोपवतो. मला पहिला पर्याय सोयीचा वाटतो. या मंडळींमध्येही गोवेकराला 'मकापाव' म्हणून हिणवणारे आहेत आणि लग्न जमवताना पूर्वजांची जात हळूच विचारणारेही आहेत. म्हणजे मते बाळगण्याच्या बाबतीत त्यांना आपल्या शिकवणीची गरज नाही.

पुरोगामी नास्तिकाने कुमारी मातेच्या पोटी जन्म, पाण्याचे द्राक्षमद्य, तिसऱ्या दिवशीचे पुनरुत्थान यांची चौकात खिल्ली उडवावी; त्यात शौर्य दिसते आणि महाराष्ट्रात एक टक्काही नसलेल्या समाजाकडून फारशी भीती नसते. घरच्या सत्यनारायणाला मात्र आईचे मन मोडू नये म्हणून प्रसादापुरते बसावे. साधुवाण्याची नौका लतापत्रांनी भरलेली निघते त्या अध्यायाला हसू आल्यास उचकी लागल्याचे दाखवावे.

सर्वांत शेवटी आपल्या स्वतःच्या गरजेचा प्रश्न उरतो. मुलीचे लग्न, मुलाचा व्हिसा, सासऱ्यांची बायोप्सी अशी वेळ आली की मते घरी ठेवून माहीमला जावे. सेंट मायकल चर्चमध्ये 1948 पासून दर बुधवारी नोव्हेना चालतो, मराठीतूनही होतो, आणि मंगळवारी सिद्धिविनायक केलेल्या माणसाला तो वाटेवरचाच पडतो. सलग नऊ बुधवार करावेत. सप्टेंबर असेल तर वांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेलाही वर चढावे. तेथे मेणाचे सामान मिळते: घर हवे असेल तर घर, मूल हवे असेल तर बाळ, गुडघा दुखत असेल तर पाय. पाय घेताना डावा की उजवा हे विक्रेत्याला नीट सांगावे, कारण घासाघिशीच्या भरात भलताच हाती पडतो आणि माउलीपुढे खुलासा करण्याची सोय नसते. चर्चमध्ये शेजारची बाई गुडघे टेकून बसली की आपणही बसावे, ती कपाळावरून छातीवर हात नेते तसा न्यावा, दिशा चुकली तरी कोणी हटकत नाही. बाहेर पडताना ओळखीचे कोणी भेटल्यास ''इथली वास्तुरचना पाहायला आलो होतो'' असे सांगावे. तोही तीच पाहायला आलेला असतो.

नवस फळला तर कुलदैवताला अभिषेक करावा. नाहीच फळला, तर शेवटी त्यांचा देव तो त्यांचाच, आपल्या माणसाचे ऐकतो कशाला, असे म्हणून मत पुन्हा पूर्वीच्या जागी आणून ठेवावे.