"डॉक्टर, एक्स-रे नको हं, लहान आहे अजून"

हे वाक्य मी आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकते. आणि त्याच आठवड्यात उलट्या टोकाचेही कुणीतरी येतात. पाच वर्षांच्या मुलाचं भलंमोठं पाकीट टेबलावर ठेवतात, त्यात ओपीजी (अख्ख्या जबड्याचा एक्स-रे), थ्रीडी स्कॅन, सगळं. "कशासाठी काढलं होतं?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही, रुटीन चेकअप होतं."

लहान मुलांचे दात बघणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे दोन्हींचा वैताग येतो. दुसऱ्याचा जरा जास्तच, कारण तिथे चूक पालकांची नाही, आम्हा डॉक्टर मंडळींची आहे.

आधी घाबरणाऱ्यांशी बोलते. दुधाच्या दोन दाढा साधारण चौथ्या वर्षापर्यंत एकमेकींना घट्ट चिकटतात आणि कीड नेमकी त्या सांध्यात शिरते. वरून आरशाने बघा, दाढ पांढरीशुभ्र. दुधाच्या दातांचं इनॅमल पक्क्या दातांपेक्षा बरंच पातळ आणि आतली नस पृष्ठभागाच्या जवळ. म्हणून दाढेची कड ढासळून तुम्हाला खड्डा दिसेपर्यंत कीड बऱ्याचदा नसेच्या दारात पोचलेली असते. बाइटविंग एक्स-रेमध्ये, म्हणजे दातांत पट्टी चावून धरून काढलेल्या छोट्या एक्स-रेमध्ये, हीच कीड आधी दिसते, छोट्या काळसर त्रिकोणासारखी. तेव्हा फिलिंगवर भागतं, कधी फ्लोराइड लावून नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

"दुधाचाच दात ना, पडणारच आहे." पडणार, कबूल. पण मागची दुधाची दाढ पडते 10 ते 12 व्या वर्षी. चार वर्षांच्या पोराला तिच्यावर अजून निदान सहा वर्षं जेवायचंय!

आता रेडिएशन. मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात, पुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं, म्हणून त्यांच्या बाबतीत जास्त जपायचं, हे शंभर टक्के खरं. पण प्रमाणही बघा. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट (हे डोस मोजायचं एकक) रेडिएशन असंही मिळतच असतं. डिजिटल बाइटविंगची जोडी म्हणजे त्यातल्या एखाद्या दिवसाचा, फार तर थोड्या दिवसांचा वाटा. 1896 मध्ये ऑटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला तेव्हा 25 मिनिटं स्थिर राहावं लागलं होतं. माझे पेशंट 25 सेकंद राहत नाहीत. नशिबाने आता सेकंदाचा छोटासा अंश पुरतो.

पण म्हणून उठसूट काढायचा का? दाढांमध्ये फट असेल आणि मला दोन्ही बाजू डोळ्यांनी दिसत असतील, तर बाइटविंग मी काढतच नाही. थ्रीडी स्कॅनचा डोस तर बाइटविंगच्या कित्येक पट असतो. हाडात अडकलेला जास्तीचा दात, मोठा मार, अशा वेळी तो लागतो. चेकअपसाठी नाही.

माझी स्वतःची एक चूक सांगते. प्रॅक्टिस नवीन होती. साडेतीन वर्षांची मुलगी, रडून लाल झालेली. आरव्हीजीचा, म्हणजे डिजिटल एक्स-रेचा, सेन्सर म्हणजे कडक चौकोनी वडी, त्याला वायर, तो जिभेखाली टोचतो. आईने हात धरले, मी सेन्सर धरला. पहिला हलला, दुसरा हलला, तिसऱ्यात अर्धी दाढ आली. तीन एक्सपोजर आणि हाती शून्य. त्या दिवशी तो एक्स-रे पुढे ढकलायला हवा होता, इतकं साधं होतं ते. आता अशा मुलांसाठी पातळ, वाकणारी फॉस्फर प्लेट वापरते. आधी हातात खेळायला देते, मग "नाकाने श्वास घे आणि पायाचा अंगठा हलव बघू" म्हणते. अंगठ्याकडे लक्ष गेलं की ओकारीची उबळ विसरते. नाहीच जमलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा या, दात कुठे पळून जात नाही.

हो, लेड म्हणजे शिशाचा, किरण अडवणारा अ‍ॅप्रन. "घातला नाही!" म्हणून एका बाबांनी परवा चांगलंच झापलं मला. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 मध्ये अ‍ॅप्रन आणि थायरॉइड कॉलर (गळ्याभोवतीचा तसाच पट्टा) नेहमीसाठी वापरू नयेत अशी शिफारस केली. किरणांचा झोत आयताकृती करून फिल्मपुरता आवळला तर खरा बचाव तिथेच होतो. उलट अ‍ॅप्रन मध्ये आला तर फोटो बिघडतो आणि पुन्हा काढावा लागतो. जिथे नियमानेच बंधनकारक आहे तिथे अर्थात घालायचाच.

तेव्हा पुढच्या वेळी "नको" किंवा "काढून टाका" म्हणण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारा: यात काय दिसलं तर तुम्ही काय वेगळं करणार? मला हा प्रश्न विचारलेला आवडतो. दोन-तीनदा तर उत्तर देता देता माझाच बेत बदललाय. आणि जुने एक्स-रे घेऊन या हो, फोनमध्ये असले तरी चालतील. मागच्याच आठवड्यात एकाचा एक्स-रे त्यामुळे वाचला. सहा महिन्यांपूर्वीची बाइटविंग त्याच्या आजीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडली.