पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही

आमच्या नेरूळच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक संदेश नव्याने येतो आणि यंदा तो कोपरखैरण्याच्या माझ्या भाच्यापर्यंतही पोहोचला. त्याचा आशय असा: संगणक मध्येच बंद पडत असेल तर एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची, हिरवी वायर काळीला जोडा, पंखा फिरला की एसएमपीएस ठणठणीत, नवा घ्यायचा झाल्यास खोक्यावर जास्तीत जास्त वॅट छापलेला घ्या, '८० प्लस'चा शिक्का असेल तर विजेच्या चढउतारांची चिंता नको, जुन्या केबल तशाच वापरा, आणि कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर एसएमपीएस गेला असे समजा.

यातला सर्वांत फसवा दावा पहिला आहे. हिरव्या वायरीवरून मदरबोर्ड एसएमपीएसला चालू होण्याची खूण देतो. ती काळ्या, म्हणजे ग्राउंडच्या वायरीला टेकवली की एसएमपीएस जागा होतो, यापलीकडे त्या चाचणीतून काहीही कळत नाही. पंख्याला जेमतेम दोन-तीन वॅट लागतात. रिकामा टेम्पो गायमुखचा घाट चढला म्हणून तो दोन टन सिमेंट घेऊनही चढेल, असे कोणी म्हणत नाही. उलट काही नव्या एसएमपीएसमध्ये भार कमी असताना पंखा मुद्दाम थांबवलेला असतो, त्यामुळे पंखा न फिरणे हादेखील बिघाडाचा पुरावा नव्हे.

भाच्याचा संगणक गेम सुरू केला की बंद पडत असे, आणि पंख्याच्या परीक्षेत त्याचा एसएमपीएस उत्तीर्ण झालेला होता. प्रोसेसरवरील धूळ काढून झाली होती व तापमानही ७० अंशांच्या पुढे जात नव्हते. हे आधी पाहावे, कारण असे बंद पडण्यामागे पुष्कळदा उष्णताच असते. मग एसएमपीएसच्या चार पिनांच्या एका मोकळ्या कनेक्टरमध्ये पिवळ्या, म्हणजे १२ व्होल्टच्या, व काळ्या वायरीवर मल्टिमीटर लावला. नुसता डेस्कटॉप असताना ११.९ व्होल्ट दिसत होते. गेम सुरू होताच आकडा ११.२ वर घसरला आणि स्क्रीन काळी झाली. संगणकाच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टचा हा पुरवठा ११.४ ते १२.६ च्या दरम्यान राहायला हवा.

वॅटच्या दाव्याचे उत्तरही त्याच डब्यावर चिकटवलेले होते. खोक्यावर ५०० वॅट असे ठळक छापले होते, पण स्टिकरवर १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर, म्हणजे अवघे २१६ वॅट. आजचा प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज १२ व्होल्टमधून घेतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात आणि तिथे त्यांना फारसे गिऱ्हाईक नसते. भाच्याच्या यंत्राला पूर्ण भारावर सुमारे २५० वॅट लागत होते. शेवटी लॅमिंग्टन रोडवरून ५५० वॅटचाच एसएमपीएस आणला, पण १२ व्होल्टवर ४५ अँपिअर देणारा. हजार वॅटचा घेतल्याने वीजबिल वाढले नसते, कारण यंत्र मागेल तेवढीच वीज ओढली जाते. पैसे मात्र वाया गेले असते.

'८० प्लस' हा २००४ पासूनचा शिक्का फक्त कार्यक्षमतेचा आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती यंत्रापर्यंत पोहोचते आणि किती उष्णतेत जाते, एवढेच तो सांगतो. ३०० वॅटच्या भाराला ८० टक्क्यांचा एसएमपीएस ३७५ वॅट ओढतो, ९० टक्क्यांचा ३३३. रोज चार तासांच्या हिशेबाने महिन्याला पाच युनिटांचा फरक पडतो. जादा व्होल्टेज किंवा शॉर्ट सर्किट झाल्यास वीज तोडणारी संरक्षणे ही वेगळी बाब आहे आणि त्यांची नावे माहितीपत्रकात शोधावी लागतात.

केबलचा सल्ला तर सरळ घातक आहे. सुट्या केबलच्या एसएमपीएसकडील टोकाला पिनांची रचना कंपनीगणिक बदलते; प्लग बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन हार्ड डिस्क जळू शकते. खोक्यात आलेल्या केबलच वापराव्यात.

राहिल्या मुंग्या. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज व न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतला अल्पसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते आणि बोटांना झिणझिण्या येतात. भाच्याकडे नवा एसएमपीएस बसवल्यावरही त्या येतच होत्या. एक्स्टेन्शन बोर्ड भिंतीतून काढून मागचे झाकण उघडले, तेव्हा आत लाल आणि काळी अशा दोनच वायरी होत्या आणि अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेची पितळी पट्टी कोरी होती.