मरणाचीही सोय नाही

लहानपणी व्यापाराच्या डावात दिवाळं निघालं की पट सोडून स्वयंपाकघरात जाता यायचं. तिथे काही ना काही तळण चालू असायचंच. भाच्याच्या कपाटात हल्ली जे खोक्यातले खेळ आहेत त्यांत ही सोय ठेवलेली नाही.

भाचा म्हणतो, यांत दोन पंथ आहेत. एक अमेरिकी: प्लास्टिकचे राक्षस, मूठभर फासे, कुणीतरी सतत कुणावर तरी चालून जातंय. दुसरा जर्मन, त्याला ही मुलं ‘युरो’ म्हणतात: लाकडी ठोकळे, शेती, बंदरं, आणि शेवटी गुणांची बेरीज. १९९५च्या ‘कतान’ने हे वेड जर्मनीबाहेर पसरवलं. त्यात फाशांवर सात पडले की चोर येतो खरा, पण तो तुमच्याकडून नेऊन नेऊन काय नेणार, तर एखादी मेंढी.

मी अमेरिकी पंथाचा. ‘रिस्क’मध्ये (जगाच्या नकाशावर प्रदेश जिंकत जायचा हा खेळ काढला एका फ्रेंच माणसाने, पण घराणं तेच) मेहुण्याने माझा शेवटचा प्रदेश कामचात्का घेतला, तेव्हा मी मनसोक्त भांडलो आणि मग सुखाने कांदाभजी खाल्ली. मेलो तो मेलो, विषय संपला.

युरोत कुणी मरत नाही. कुणालाही डावाबाहेर काढायचं नाही, हे त्यांचं सौजन्य. पहिल्या तासातच आपण हरलोय हे कळतं, आणि पुढचे दोन तास हसऱ्या चेहऱ्याने बसायचं.

त्यातला कळस म्हणजे ‘अ‍ॅग्रिकोला’. सतराव्या शतकातला युरोप, दोन खोल्यांचं लाकडी घर, नवरा-बायको आणि ओसाड रान. फेऱ्या चौदा, सुग्या सहा. दर सुगीला माणशी दोन अन्न लागतं. मूल त्याच फेरीत झालं असेल तर तेवढ्या सुगीला त्याचं एक. जेवढं कमी पडेल तेवढी भिकेची कार्डं, प्रत्येकी तीन गुण वजा. बरं, पटावर प्रत्येक कामाची जागा ठरलेली, आणि एका जागेवर एकाने माणूस ठेवला की त्या फेरीत ती जागा दुसऱ्याला बंद. मी लाकडाकडे हात नेतो तोवर भाचीने लाकडं उचललेली असतात. तलवार नाही, तोफ नाही. “सॉरी हं मामा,” आणि माझी दोन माणसं उपाशी!

शेवटी भाच्याने वही काढली. न वापरलेली जमीन, प्रत्येक चौकोनाला एक वजा. भाजी नाही, वजा. मेंढी नाही, वजा. रानडुक्कर नाही, तेही वजा. दारात डुक्कर नाही म्हणून कमीपणा येण्याची आमच्या देशस्थ घराण्यातली ही पहिलीच वेळ असावी.

“पण मामा, कुंपणं मस्त घातलीस तू,” भाची म्हणाली. आत काहीच नव्हतं.