प्राप्तिकर न भरणारेही कर भरतातच

‘प्राप्तिकर भरेल त्यालाच मत द्यायचा हक्क हवा, बाकीचे फुकटे,’ असा मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे आणि अपमानकारकही. घरकाम करणाऱ्या मावशी मोबाइलचा रिचार्ज मारतात, त्या रकमेत १८ टक्के दराने जीएसटी आलेला असतो. दूधवाल्याच्या गाडीतल्या पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क असतं, वर राज्याचा व्हॅट.

मुळात मताचा हक्क कराशी बांधलेलाच नाही. संविधानाचं कलम ३२६ तो प्रौढ नागरिकाला देतं. १९८९पासून वयाची अट १८. मालमत्ता, कर, शिक्षण बघून मत देण्याची पद्धत इंग्रजांच्या १९३५च्या कायद्यात होती, आणि तेव्हा बहुसंख्य प्रौढ मतदानाबाहेरच राहिले. संविधान सभेने ती विचारपूर्वक मोडीत काढली. कृपया तो फिरणारा मजकूर पुढे पाठवू नका.