कायदा रद्द होतो, पण केव्हा?

मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली, तेव्हा दोन्ही वेळा आपल्याकडे एकच वाद रंगला : लोकप्रतिनिधींनी केलेला कायदा, ज्यांना कोणी मत दिलेले नाही अशा न्यायाधीशांनी मोडावा का? जर्मनीचे घटना न्यायालय ज्या कार्ल्सरूहे शहरात आहे, त्याच्या जवळ राहताना मला हा प्रश्न दुय्यम वाटू लागला आहे. न्यायालयाला तो अधिकार हवाच. आपला खरा घोळ वेळेचा आहे.

येथील घर-जमिनीवरचा कर पूर्वीच्या पश्चिम जर्मनीत १९६४ च्या आणि पूर्व जर्मनीत तर १९३५ च्या मूल्यांवर आकारला जात असे. १० एप्रिल २०१८ रोजी घटना न्यायालयाने ही पद्धत समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली, पण कर त्याच दिवशी थांबवला नाही, कारण तसे केले असते तर नगरपालिकांची तिजोरीच रिकामी झाली असती. नवा कायदा २०१९ अखेरपर्यंत करा, जुनी आकारणी फार तर २०२४ अखेरपर्यंत चालेल, असे संसदेला बजावले. त्यानुसार २०२२ मध्ये आम्ही घरमालकांनी भूखंडाचे क्षेत्रफळ आणि जमिनीचा दर ऑनलाइन भरून दिला. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने इमारत वगळून केवळ जमिनीचे मूल्य धरले, त्यामुळे मोठ्या आवारातल्या जुन्या घरांचे मालक कुरकुरत आहेत, आणि नव्या कायद्यालाही लोकांनी न्यायालयात खेचले आहेच. अर्धशतक कोणी हलले नव्हते, हे लक्षात घेता जर्मन शिस्तीचे फार कौतुक करण्याचे कारण नाही.

तरीही निकालाबरोबर विधिमंडळाला मुदत घालून देणे मला मोलाचे वाटते. आपली न्यायालये तारखा देण्यात मुळीच मागे नाहीत. फक्त त्या पक्षकारांना मिळतात. रोख्यांच्या योजनेला अंतरिम स्थगिती मिळाली नाही, सहा वर्षांत लोकसभेची एक निवडणूक पार पडली, आणि योजना पडली तरी वटवलेला पैसा पक्षांकडेच राहिला. आरक्षणाच्या बाबतीत उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये कायदा उचलून धरला, सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. त्याआधी झालेल्या नेमणुका वाचल्या, मात्र निवड होऊनही नेमणूकपत्र हाती न पडलेले उमेदवार लटकले.

परकी पद्धत आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण घटनादुरुस्तीलाही मर्यादा असतात, हा विचार हायडेलबर्गचे अभ्यासक डीटर कॉनराड यांनी १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात मांडला होता, आणि घटनेचा मूळ गाभा संसदेला बदलता येणार नाही असे ठरवणाऱ्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालात न्यायमूर्ती खन्ना यांनी त्यांचा उल्लेख केला. शिवाय न्यायाधीशांना कोणी मत दिलेले नाही या आक्षेपाबद्दल सांगायचे तर, येथील घटना न्यायाधीशांना संसदेची दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने, एकदाच, बारा वर्षांसाठी निवडतात, आणि खालच्या सभागृहाचे एक-चतुर्थांश सदस्य नव्या कायद्याविरुद्ध थेट तिथे जाऊ शकतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने मराठा आरक्षणाचा १० टक्क्यांचा नवा कायदा केला. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि प्रवेश अंतिम निकालाच्या अधीन राहून दिले गेले. विद्यार्थ्याने पदवीची निम्मी वर्षे या टांगत्या अटीखाली काढण्यापेक्षा, प्रवेशाचे अर्ज निघण्यापूर्वी निकाल लावण्याचे बंधन न्यायालयाने स्वतःवर घालून घ्यायला हवे होते.