न्यूरोसायन्सच्या लॅबची दारं बंद आहेत, असं मुलांना सांगू नका

दसरा झाला की विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, पण सांगणं तेच असतं. न्यूरोसायन्सच्या, म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेवर संशोधन करणाऱ्या, लॅबमधली समर इंटर्नशिप ओळखीशिवाय मिळत नाही. बायोलॉजीवाल्यांखेरीज कोणाला विचारत नाहीत. मिळालीच तर दोन महिने बाटल्या धुवायला लावतात. तरी हवीच असेल, तर एकच मेल दोनशे प्रोफेसरांना पाठवा, एखादा लागतोच.

परवा तृतीय वर्षाच्या एका मुलीने तो मला दाखवला. म्हणाली, "मॅडम, मग मी फॉर्म भरतच नाही." मला फार वाईट वाटलं. ड्रोसोफिला, म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटं, यांच्या मेंदूवर काम करणाऱ्या लॅबमध्ये मी पीएचडी केली. तिथे येणारे इंटर्नशिपचे मेल चाळायचं काम माझ्याकडे असायचं. आता तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. त्यामुळे या मेसेजच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत.

ओळखीचं आधी घेऊ. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. मुदत दोन महिन्यांची, विद्यावेतन मिळतं, रेल्वेचं भाडंही मिळतं. अर्जाला मार्क, काय करायचंय याचं टिपण आणि आपल्या शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. मुंबईच्या टीआयएफआरचा, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, उन्हाळी कार्यक्रमही अर्जावरच चालतो. ओळख कुठेच चालत नाही असं मी म्हणणार नाही. थेट मेलवर मिळणाऱ्या जागांसाठी मोठ्या संस्थेतले सर आपल्या विद्यार्थ्याकरता फोन करतात, हे मी पाहिलंय आणि ते मला खुपतं. पण आमची मुलं बहुतेक वेळा हुकतात ती तारखेवर. अकादमींचे अर्ज आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या सुमारास भरायचे असतात आणि आमच्याकडे विचारपूस सुरू होते मार्चमध्ये. एप्रिलमध्ये आलेले किती तरी चांगले मेल मी जागा भरल्या म्हणून बाजूला ठेवलेत.

आणि ओळख नसताना लिहिलेल्या पत्राचं म्हणाल, तर वेरोनिका रॉड्रिग्ज यांचं उदाहरण आहे. गोव्याचं कुटुंब, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनमध्ये, विषय मायक्रोबायोलॉजी. टीआयएफआरमधले जीवशास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकी यांचं संशोधन वाचून त्यांनी सिद्दिकींना पत्र लिहिलं आणि १९७० च्या दशकात त्या टीआयएफआरमध्ये दाखल झाल्या. ड्रोसोफिलाला वास आणि चव कशी कळते, यावरचं त्यांचं काम आज जगभर वाचलं जातं.

बायोलॉजीवाल्यांचा मुद्दा तर इतिहासालाच धरून नाही. चेतापेशीतून विजेचा संदेश कसा जातो, हे हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ साली समीकरणांत मांडलं. हक्सली यांनी त्यांची आकडेमोड हाताने फिरवायच्या यंत्रावर केली होती. तीच समीकरणं आज जुन्या लॅपटॉपवर पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चालतात. फिजिक्स, गणित, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी बिनधास्त अर्ज करावा.

आता बाटल्या. हो, पहिला आठवडा त्यातच जातो. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून चिलटांचं खाणं बाटल्यांत ओतायचं, जुनी चिलटं नव्या बाटलीत झटकायची. पण खरी परीक्षा पुढे असते. संकरासाठी, म्हणजे ठरवून निवडलेल्या नर-मादीपासून पुढची पिढी मिळवण्यासाठी, आधी कुठल्याही नराशी संबंध न आलेली मादीच लागते. कोषातून बाहेर आल्यावर मादी साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. म्हणून सकाळी बाटली पूर्ण रिकामी करायची आणि दुपारनंतर नव्याने निघालेल्या माद्या वेचायच्या. कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केलेली चिलटं मायक्रोस्कोपखाली मऊ ब्रशने एकेक उलटवून बघायची. ताज्या मादीचा रंग फिका असतो आणि पोटाच्या पातळ त्वचेतून एक काळसर ठिपका दिसतो. एखादी चुकीची मादी आत गेली, तर अख्खा संकर वाया. २५ अंश तापमानात अंड्यापासून चिलट व्हायला दहाएक दिवस लागतात, म्हणजे तेवढे दिवस गेले. आठ आठवड्यांत जेमतेम पाच पिढ्या बसतात. ज्या मुलीला हे हाताने जमलं, तिला प्रयोग म्हणजे काय ते कळलं. उंदरांच्या लॅबमध्ये मात्र नैतिकता समितीची परवानगी आणि प्रशिक्षण यांतच वेळ जातो. तिथे नेमकं काय करायला मिळेल, ते आधीच विचारून घ्यावं.

दोनशे मेलचा सल्ला मात्र थेट नुकसान करतो. आमच्या लॅबप्रमुख बाई होत्या, आणि "रिस्पेक्टेड सर"ने सुरू होणारे मेल रोज यायचे. मध्येच बाईंचं नाव वेगळ्या फॉन्टमध्ये, खाली उंदरांवरच्या कामाची स्तुती. आमच्याकडे एकही उंदीर नव्हता. त्यात एकदा जिल्ह्याच्या कॉलेजातल्या मुलीचा चार ओळींचा मेल आला: तुमच्या संशोधनाच्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत भुकेली चिलटं वासाकडे लवकर जातात, नर-मादी वेगवेगळे मोजले होते का? बाईंनी त्याच दिवशी उत्तर दिलं. ती मे महिन्यात आली तेव्हा तिचं टेबल माझ्या शेजारी होतं.

खरी अडचण पैशाची आहे आणि त्यावर तो मेसेज अवाक्षर काढत नाही. थेट मेलवर मिळालेल्या जागेला बहुधा विद्यावेतन नसतं. पुण्यात किंवा बंगळुरात दोन महिने खोली आणि मेस कोणाच्या घरचं झेपतं? म्हणून आधी फेलोशिपचा फॉर्म, मग मेल. आणि फी घेऊन घरबसल्या 'इंटर्नशिप'चं सर्टिफिकेट विकणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका.

त्या मुलीने काल फॉर्म उघडला. आमच्या कॉलेजातल्या आणखी कोणाला शिफारसपत्र हवं असेल, तर दिवाळीच्या सुट्टीआधी स्टाफरूममध्ये या. येताना संशोधनाचा एक पेपर वाचून या, अर्धाच कळला असला तरी चालेल.