उलटा टांगल्याने कोंबडा गरीब होत नाही

सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांतील कोंबडीपालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. माजलेला कोंबडा सात दिवसांत ताळ्यावर आणण्याचा उपाय म्हणून त्यात सांगितले आहे, की कोंबडा अंगावर आला तर त्याला लाथेने उडवावे किंवा पाय धरून दहा मिनिटे उलटा टांगावा, म्हणजे मालक कोण हे त्याला कळते. ज्वारी आणि मिरचीने त्याच्या अंगात गरमी चढते, म्हणून त्याचे दाणे तोडावेत. पायामागची नखी मुळापासून छाटावी. आणि यानंतरही तो सुधारला नाही तरी त्याला काढून टाकू नये, कारण कोंबड्यावाचून कोंबड्या अंड्यावर येत नाहीत. यातील प्रत्येक विधान चुकीचे आहे, आणि शेवटचे तर धोकादायक आहे.

लाथेचा आणि टांगण्याचा उपाय लोकांना पटतो, कारण तो लगेच लागू पडल्यासारखा दिसतो. कोंबड्यांमध्ये मान-पानाची उतरंड असते, ही गोष्ट खरी आहे. कोण कोणाला टोचतो यावरून ठरणाऱ्या या क्रमाचे शास्त्रीय वर्णन नॉर्वेचे थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी 1921 मध्येच केले होते. परंतु या उतरंडीत हरलेला पक्षी बाजूला होतो आणि जिंकलेला जागेवर राहतो. माणूस लाथ मारतो आणि आपल्या कामाला निघून जातो, तेव्हा कोंबड्याच्या दृष्टीने मैदान सोडून माणूसच गेलेला असतो. लाथेमुळे त्याला एवढेच कळते, की हा दोन पायांचा प्राणी झुंजीला तयार असतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तो अधिक लवकर आणि बहुधा पाठीमागून येतो. उलटे धरल्यावर तो शांत पडतो, ते शरण आल्याचे लक्षण मानणेही बरोबर नाही. शिकारी प्राण्याने पकडल्यावर भीतीने शरीर ताठरून निपचित होण्याची ही पक्ष्यांमधली जन्मजात प्रतिक्रिया आहे, आणि थोड्या वेळाने ती आपोआप संपते.

त्यातच पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा, नसते. छातीचे हाड खालीवर झाले तरच हवा आत-बाहेर होते, आणि उलट्या टांगलेल्या पक्ष्याच्या पोटातील अवयवांचा भार त्याच्या हवेच्या पिशव्यांवर येतो. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घाम न येणारा हा पक्षी मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर काढत असतो. अशा दुपारी त्याला पळवून, पकडून दहा मिनिटे टांगणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे. शिवाय प्राण्याला लाथ मारणे किंवा विनाकारण यातना देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, ही गोष्ट संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. कोंबडा हलवायचाच असेल तर दोन्ही पंख अंगाशी मिटवून त्याला काखेत सरळ धरावे, आणि हलवून झाले की खाली ठेवावे.

मिरचीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. मिरचीतील तिखट द्रव्य ओळखणाऱ्या चेतातंतूंवरच्या ज्या संवेदी घटकांमुळे आपल्याला तिखटपणा जाणवतो, ते घटक पक्ष्यांमध्ये त्या द्रव्याला जवळजवळ दाद देत नाहीत. म्हणूनच पक्षी मिरच्या बिनधास्त खातात. ज्वारीने राग वाढत नाही, पण उपासमारीने दाण्याच्या भांड्यावरची भांडणे नक्की वाढतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला हा दोष देण्याचे काही कारण नाही.

नखीचे प्रकरण मात्र नीट समजून घ्यायला हवे. ही नखी केवळ शिंगासारख्या कवचाची नसते. तिच्या आत हाडाचा गाभा आणि रक्तवाहिन्या असतात. ती मुळापासून छाटली तर रक्त सहज थांबत नाही, जखम पिकू शकते आणि पक्षी लंगडू शकतो. टोक कानशीने बोथट करावे. त्याने जखमेची खोली कमी होते. स्वभाव मात्र तसाच राहतो, कारण स्वभावाचे मूळ नखीत नाही. साधारण पाच-सहा महिन्यांच्या वयात कोंबड्याच्या शरीरात नर संप्रेरके जोराने वाढतात, आणि आतापर्यंत हातावर दाणे खाणारा कोंबडा याच सुमारास अंगावर येऊ लागतो. म्हणूनच पिल्लूपणी लाडाने हातावर वाढवलेले नर बरेचदा जास्त मारके निघतात. त्यांना माणसाची भीड उरलेली नसते. मारकेपणाचा काही भाग रक्तातूनही येतो. झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या निवडलेल्या असील जातीत इतर कोंबड्यांशी झुंजण्याची वृत्ती अशीच रक्तातून आलेली आहे.

आता शेवटचा मुद्दा. कोंबडी अंडे घालते ते तिच्या स्वतःच्या शरीरचक्रामुळे, आणि कोंबडा नसताना ती तितकीच अंडी घालते. दुकानात मिळणारी बहुतेक सर्व अंडी एकही नर न ठेवणाऱ्या फार्मवरची असतात. कोंबडा लागतो तो फक्त पिल्ले काढण्यासाठी, आणि त्यासाठीही आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. जास्त नर असतील तर कोंबड्यांच्या पाठीची पिसे झडून कातडी उघडी पडते, हे कोणत्याही खुराड्यात पाहायला मिळते. ‘अंडी बंद होतील’ या भीतीने लोक असा कोंबडा अंगणात ठेवतात, आणि त्याच अंगणात चार वर्षांचे मूल खेळत असते. प्रौढाच्या पोटरीला ओरखडा उठतो, पण लहान मुलाच्या बाबतीत हीच झेप चेहऱ्यापर्यंत आणि डोळ्यांपर्यंत पोहोचू शकते. माझे मत येथे स्पष्ट आहे: मुलांवर झेपावणारा कोंबडा एक दिवसही मोकळा ठेवू नये. नखी लागलीच तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने स्वच्छ धुवावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखाना गाठावा; डोळ्याजवळ लागले असेल तर थांबू नये.

इतर नरांच्या बाबतीत सुधारणा शक्य असते, फक्त ती आपल्या वागण्यात करावी लागते. कोंबडा बहुधा आधी इशारा देतो. मोहोळकडच्या एका वस्तीवर मी हे जवळून पाहिले आहे: मानेची पिसे फुलली, एक पंख मातीला घासत त्याने कडेकडेने अर्धे वर्तुळ घेतले, आणि मध्येच दाणा नसलेल्या जमिनीवर चोच आपटली. घरातल्या मावशींनी हातातले सूप गुडघ्यांसमोर आडवे धरले, जागा सोडली नाही, सूप उगारलेही नाही. कोंबडा सुपावर एकदा आपटला, मग बाजूला जाऊन खरोखरच माती उकरू लागला. त्यानंतरच मावशी दाण्यांकडे वळल्या. पळू नये, पाठ करू नये, मारू नये, आणि त्याच्यासमोर कोंबडी पकडू नये. कोंबड्या संध्याकाळी अंधार पडल्यावर खुराड्यातून उचलाव्यात. दाणे एका भांड्यात न ठेवता अंगणभर पसरावेत. झाडू, रबरी बूट किंवा विशिष्ट रंगाचे लुगडे पाहून तो बिथरत असेल, तर तेवढी वस्तू काही दिवस दूर ठेवावी.

महिना-दीड महिना असे वागूनही तो अंगावर येतच असेल, तर तो काढावा आणि त्याची अंडी रवणाला बसवू नयेत. नर काढल्यावरही कोंबडीच्या शरीरात त्याचे बीज दोन-तीन आठवडे टिकून राहते, त्यामुळे त्या काळातील अंडी फक्त खाण्यासाठी वापरावीत. नवा नर ज्या घरी कोंबडे मुलांमध्ये निवांत फिरतात अशा घरून घ्यावा, मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे ना हे विचारावे, आणि दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवून मगच कळपात सोडावा.